दहा वाजताची मोजणी

श्यामला पेंडसे यांच्याविषयी शिक्षण खात्याच्या कचेरीत फार पूर्वीपासून एकमत होतं: बाई कामाला चोख आणि बोलायला तिखट. कुणी अर्धवट फाइल आणून ठेवली तर त्या ती न उघडताच परत सरकवायच्या. "अर्धा कप चहा आणला असतात तर घेतला असता. फाइल पुरी आणा." समोरचा मनातल्या मनात शिव्या घालत निघून जायचा आणि संध्याकाळपर्यंत फाइल पुरी करून आणायचा. बाईंना शिव्यांचं काही नव्हतं. फाइल पुरी झाल्याशी कारण.

एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. टाइपरायटर गेला, संगणक आला, साहेब किती आले नि गेले त्याची गणती नाही, पण काम तेच. शहरातल्या कोणत्या प्राथमिक शाळेला किती शिक्षक द्यायचे त्याचा तक्ता करायचा. खात्यात याला संचमान्यता म्हणतात. शब्द ऐकून छातीत धडकी भरते, पण आतला हिशेब शाळकरी पोरालाही समजेल असा आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. एकसष्टावं मूल आलं की तिसरा. नव्वदच्या पुढे गेलं की चौथा. मुलं कमी भरली की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, आणि त्यानं आपला डबा-पिशवी उचलून दुसरीकडे जायचं. कुणी जायचं आणि कुठे, ते श्यामलाबाईंच्या तक्त्यात दिसायचं.

आता खरी गंमत पुढे आहे. या बाईंना शहरभरच्या शाळांचे आकडे तोंडपाठ. येरवड्याच्या एखाद्या शाळेचं नाव काढा, "एकशे चौदा, मागल्या वर्षी एकशे एकवीस" असं उत्तर तयार. हिंजवडीच्या अंगाला मजुरांच्या वस्तीतली शाळा म्हणा, "अठ्ठावन्न, दोन शिक्षक, एक रजेवर." पण यांपैकी एकाही शाळेत त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. घर शनिवार पेठेत, कचेरी तिथून बसने वीस मिनिटांवर. उरलेलं पुणं त्यांनी रकान्यांत पाहिलं होतं. आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. पोस्टातला माणूस काय प्रत्येक पत्रामागे धावत जातो?

घरी त्यांचे यजमान गोपाळकृष्ण. बँकेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली. सकाळचा चहा त्यांचा, मंडई त्यांची, पेपरातल्या चुका काढणंही त्यांचंच. मुलगी कादंबरी लग्न होऊन बंगळूरला. घरात दोघंच, आणि दोघंही कमी बोलणारी, त्यामुळे भांडणंसुद्धा दोन-दोन वाक्यांत आटपायची. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. गोपाळकृष्ण म्हणायचे, "ये लवकर. मेथी निवडायला माणूस हवंय."

त्या वर्षी सप्टेंबरात कचेरीतली निम्मी माणसं मतदार याद्यांच्या कामाला लावली. आणि नेमकी तेव्हाच शाळांची पडताळणी आली. पडताळणी म्हणजे शाळेनं कागदावर दाखवलेली मुलं खरोखर आहेत का ते जाऊन बघायचं. पूर्वी कुठे कुठे खोटी नावं घातल्याचं उघडकीला आलं होतं, तेव्हापासून खात्यानं दंडक घातला: सकाळी नऊच्या प्रार्थनेला मुलं रांगेत उभी असताना डोकी मोजायची. रांगेत जेवढी, तेवढी खरी.

आमोद निंबकर हे त्यांचे साहेब. वय बत्तीस, परीक्षा देऊन थेट वरच्या खुर्चीत बसलेले, पण गुणी. बाईंशी बोलताना नकळत उठून उभे राहायचे. "मॅडम, एक रिक्वेस्ट आहे. स्टाफच नाहीये. एक शाळा तुम्ही करून याल का? मार्केट यार्डाच्या मागची. फक्त मोजायचंय."

"मोजता येतं मला," बाई म्हणाल्या.

ही शाळा त्यांना कागदावर चांगली ठाऊक होती. नाव लांबलचक, पण सगळे म्हणायचे गाळ्यामागची शाळा. पहिली ते चौथी. पट सहासष्ट, शिक्षक तीन. कधी काळी चार होते. सहा वर्षांपूर्वीच्या मोजणीत ब्याऐंशी भरली आणि चौथा गेला.

सोमवारी पावणेनऊला रिक्षानं त्यांना यार्डाच्या तोंडाशी सोडलं. पुढे जायला रिक्षावाला राजी नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. टेम्पो आडवे लागलेले, हमालांच्या पाठीवर पोती, हातगाड्यांची ओरड, पायाखाली कोबीच्या पानांचा चिखल. बाई साडी आवरत, "जरा बाजूला व्हा" म्हणत, कांद्या-बटाट्याच्या गाळ्यांमागे पोचल्या तेव्हा नऊला पाच कमी होती. वेळ गाठल्याचं त्यांना समाधान वाटलं.

बैठी शाळा, पाच खोल्या, पुढे फरशीचं अंगण. मुख्याध्यापिका कल्याणी साबळे दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बोटांना खडू. "या मॅडम. चहा सांगते."

"मोजणीच्या आधी मी पाणीसुद्धा घेत नाही."

"मग एक विनंती करू? दहापर्यंत थांबा. आमची मुलं दहाला पुरी होतात."

"शाळा नऊची आहे ना?"

"शाळा नऊची आहे. मुलं बाजाराची आहेत."

उत्तर श्यामलाबाईंना आवडलं होतं खरं म्हणजे, पण नियम नियम असतो. "प्रार्थनेला मोजायचं असं परिपत्रक आहे. आपल्याकडे दहाला प्रार्थना असते का?"

साबळेबाई बाजूला झाल्या. हा संवाद त्यांनी आधीही केलेला असावा, आणि त्याचा शेवट त्यांना माहीत असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ते श्यामलाबाईंच्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

रांगेत सत्तेचाळीस मुलं भरली. बाईंनी दोनदा मोजली. अंकात लिहिलं, अक्षरात लिहिलं, वेळ टाकली नऊ दहा, आणि खाली लांबरुंद सही केली. साठच्या आत म्हणजे दोन शिक्षक. तिसरा अतिरिक्त. कोण जाणार, तर जो सगळ्यांत कनिष्ठ असेल तो.

कनिष्ठ शेजारीच उभी होती. उत्कर्षा ढोमणे, यवतमाळकडची, नोकरीला तीन वर्षं झालेली. तिसरी आणि चौथी तिच्याकडे. तिनं कागदावरचा आकडा तिरका वाचला. वर्गाकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला बरं, तेराचा पाढा. अडखळला तो फळा पुसणार." पोरं हसत आत गेली.

श्यामलाबाईंनी आजवर शेकडो नावांपुढे 'अतिरिक्त' असं लिहिलं असेल. पण ते नाव डस्टर हातात घेऊन समोर उभं राहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना थोडं चमत्कारिक वाटलं. मग त्यांनी स्वतःलाच सांगितलं, आकडा आकडा आहे, त्यात वाटायचंय काय.

इथून एखादा दुसरा असता तर सव्वानऊला बाहेर पडला असता. पण पडताळणीचा आणखी एक कागद असतो, शाळेच्या इमारतीचा. नळ किती, संडास किती, दिवे किती, कुंपण कसं, एकूण बेचाळीस रकाने. बाकीची मंडळी तो मागच्या वर्षीचा बघून घरी बसून उतरवून काढायची. सगळ्यांना ते माहीत होतं आणि श्यामलाबाईंना त्याची मनस्वी चीड होती. नळ मोजायचे तर मोजायचे. त्या कागद घेऊन शाळेच्या मागच्या अंगाला गेल्या. नळ चार, त्यातला एक गळका. 'गळका' असा रकाना नव्हता, म्हणून त्यांनी समासात लिहिलं.

साडेनऊला मागच्या दारानं दोन मुलं आली. पाठोपाठ तीन. मग बहीणभाऊ, एकाच्या हातात दुसऱ्याचं दप्तर. मग चौघींचा घोळका. कुणाच्या केसांत कांद्याची सालं, कुणाच्या पायाला माती, आणि सगळ्यांच्या अंगाला बाजाराचा वास. नळावर हातपाय धुवायची, फ्रॉकला नाहीतर शर्टाला पुसायची, आणि मुकाट्यानं वर्गात. कुणी रागावत नव्हतं, कुणी घाबरत नव्हतं. रोजचंच असावं. बाई दिवे मोजायचे विसरून बघत राहिल्या.

नळापाशी एक म्हातारी नातीचं तोंड खसाखसा धूत होती. नात पहिलीतली असावी, ती आजीच्या हातातून निसटायला बघत होती.

"उशीर झाला का हो आज?" श्यामलाबाईंनी विचारलं.

म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मोजायला आलाय न्हवं?"

"हो."

"मंग मोजलं असंल. दरसाल येत्यात. नवाला येत्यात, सव्वानवाला जात्यात." तिनं नातीचं नाक पुसलं. "आमी पाटं तीनला यार्डात जातो. कांदा निवडायचा, भाजी झाडायची, जुड्या बांदायच्या. ही एवढीशी घरात कुणापाशी ठिवू? हिचा बा गाडीवर. म्हून पोत्यावर निजती तितंच. माल उठला की घिऊन येतो. साडेनऊ, पावणेधा. एक दिस चुकत न्हाई. इचारा बाईस्नी."

"रोज येते?"

"रोज. ताप आला तरी येती. मुक्ताई हाय हिचं नाव, लिवा." श्यामलाबाईंच्या हातातल्या कागदाकडे हनुवटी करून ती म्हणाली. "ह्यो कागद काय हाय?"

"नळांचा."

"बरं हाय," म्हातारी म्हणाली, "नळ मोजायला थांबलाव."

टोमणे मारण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा श्यामलाबाईंचा समज होता. वेणूबाईनं, हेच त्या म्हातारीचं नाव, तो समज नळावरच धुऊन काढला. आयुष्यभर त्यांच्या घरी जुडी बांधलेली मेथी यायची, स्वच्छ, पिवळं पान काढलेली. ती कुठेतरी कुणीतरी पहाटे तीन वाजता उठून बांधत असेल आणि त्याच्या पोराची शाळा त्यामुळे दहाला सुरू होत असेल, हा विचार त्यांच्या डोक्यात कधी शिरला नव्हता. त्यांना लाज वाटली. साधी, सरळ लाज.

दहा वाजता त्या वर्गावर्गांतून फिरल्या. पहिलीत एकोणीस. दुसरीत चौदा. तिसरीत सतरा. चौथीत चौदा. चौसष्ट. त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा मोजली. मग हजेरीपट मागवला आणि नाव वाचून एकेकाला उभं केलं. साबळेबाईंच्या शाळेत हजेरी दोनदा घ्यायची पद्धत होती, एक नऊला, एक दहाला, दोन्ही वेगळ्या शाईत. चौसष्ट हजर. दोन गैरहजर, एकाला गोवर, एक गावी गेलेला.

"हे तुम्ही खात्याला कळवत का नाही?" श्यामलाबाई थोड्या चिडूनच म्हणाल्या. माणसाला स्वतःचा राग आला की तो दुसऱ्यावर काढतो, त्यातलाच प्रकार.

"कळवते ना. दर वर्षी पत्र पाठवते."

"कुणाला?"

साबळेबाईंना हे सांगताना अवघडल्यासारखं झालं. "आपल्याच टेबलाला, मॅडम."

बाईंनी चहा घेतला नाही. कचेरीत आल्या आणि डबाही न उघडता कपाटासमोर जाऊन बसल्या. गाळ्यामागच्या शाळेचं बासन खालच्या फळीवर होतं. त्यात सात पत्रं होती. सात वर्षांची सात. मजकूर सगळ्यांत एकच: आमच्या शाळेतील बहुतांश मुलांचे पालक बाजारात काम करत असल्याने मुले दहापर्यंत येतात, तरी कृपया मोजणी दहानंतर करावी. आणि प्रत्येक पत्राच्या डाव्या कोपऱ्यात मोत्यासारख्या अक्षरात शेरा: 'नोंद घेतली. दप्तरी दाखल.' खाली सही, श्या. गो. पेंडसे.

दप्तरी दाखल म्हणजे काय, हे ज्यानं सरकारी कचेरीत कधी अर्ज केलाय त्याला सांगायला नको. कागद बासनात बांधायचा आणि विसरून जायचा. उत्तर द्यायचं नसलं की हाच शेरा मारायचा, हे बाई नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकल्या होत्या. अशी दिवसाला वीस-वीस पत्रं त्यांनी दप्तरी दाखल केली होती. वाचून केली होती का? वाचली असावीत. निदान वरच्या ओळी.

त्याहून वाईट पुढे होतं. सहा वर्षांपूर्वीच्या पत्राला साबळेबाईंनी हजेरीपटाची नक्कल जोडली होती. तेव्हा पट होता एकशे चार. मोजणीत भरली ब्याऐंशी. चौथा शिक्षक गेला. दोन वर्ग एकत्र बसायला लागले तसे काही पालकांनी मुलं काढून घेतली. काहींची नावं दुसरीकडे गेली, काहींची कुठेच गेली नाहीत. एकशे चारचे आता सहासष्ट उरले होते. शिक्षक गेला म्हणून पोरं गेली, पोरं गेली म्हणून आता आणखी एक शिक्षक जायचा होता, आणि हे सगळं बाईंच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

घरी त्यांनी गोपाळकृष्णांना सगळं सांगितलं. एवढं सलग त्या कित्येक वर्षांत बोलल्या नसतील. गोपाळकृष्णांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "सात पत्रं? पाचव्या पत्राला तरी शंका यायला हवी होती."

एरवी बाईंनी फणकारून उत्तर दिलं असतं. त्या दिवशी म्हणाल्या, "दुसऱ्याच पत्राला यायला हवी होती." बायको स्वतःहून चूक कबूल करते आहे म्हटल्यावर प्रकरण गंभीर आहे हे गोपाळकृष्णांनी ओळखलं, आणि पोळ्या त्यांनी लाटल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आमोद निंबकरांच्या खोलीत गेल्या. सगळं सांगून म्हणाल्या, "आकडा बदलायचाय."

आमोद चक्रावले. "मॅडम, सही झालीय तुमची. पण होऊ शकतं, डोन्ट वरी." त्यांनी खणातून एक शिक्का काढला. सरकारी कचेरीत नेहमी लागणारी वाक्यं कोरून ठेवलेली असतात, तसलाच तो. त्यावर होतं: 'शाळेने माहिती विलंबाने व चुकीची सादर केल्यामुळे.' "हा मारून टाका आणि खाली चौसष्ट लिहा. पोस्ट वाचेल. शाळेला एक मेमो जाईल, बस्स."

"मेमो कुणाला?"

"हेडमिस्ट्रेसला. रूटीन असतं ते."

"तिनं सात वेळा बरोबर माहिती वेळेवर दिलीय."

"ते मला पटतंय, मॅडम. पण दुसरं काय कारण देणार आपण? मोजणाऱ्याची चूक असं लिहिलं तर तुमचा खुलासा मागवावा लागेल. सर्व्हिस बुकात शेरा येईल. एकतीस वर्षांत तुमच्या पुस्तकात एक शेरा नाहीये, मी पाहिलंय. चार महिने राहिलेत. कशाला?"

आमोद मनापासून बोलत होते, हे बाईंना कळत होतं. आणि मोह झालाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. कोरं पुस्तक घेऊन घरी जावं असं कुणाला वाटत नाही? शिवाय मुलांचं नुकसान होणार नव्हतं. उत्कर्षा राहणार होती. फक्त एका मुख्याध्यापिकेच्या नावावर एक मेमो गेला असता, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसानं पुन्हा नऊला मोजलं असतं, कारण कागदोपत्री चूक शाळेची होती. त्यांनी शिक्का हातात घेतला, उलटा करून बघितला. वापरून वापरून त्याची अक्षरं झिजली होती. किती शाळांवर झिजली, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"माझा खुलासा मागवा," त्या म्हणाल्या. "आजच मागवा, म्हणजे मी आजच देते."

खुलासा त्यांनी हातानं लिहिला. "मी प्रार्थनेच्या वेळी मुले मोजली. ही मुले बाजारातून दहा वाजेपर्यंत येतात, हे शाळेने सात वर्षे लेखी कळवूनही मी ती पत्रे दप्तरी दाखल केली. चूक माझी आहे. शाळेची नाही. मोजणी दहाला करावी." सातही पत्रांच्या नकला जोडल्या. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, थोडं सॉफ्ट करूया का?" बाई म्हणाल्या, "खुलासा आहे, शिरा नाही."

तो कागद वर गेला आणि तीन आठवडे खाली आला नाही. मधल्या काळात अतिरिक्त शिक्षकांची यादी करायचं काम बाईंच्याच गळ्यात. गाळ्यामागच्या शाळेची ओळ आली की त्या ती कोरी ठेवून पुढे जायच्या. तक्त्यात कोरी ओळ ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि ती दिवसभर डोळ्यांत खुपायची. वरून दोनदा विचारणा झाली, नाव का नाही? "माहिती येणे आहे," बाईंनी कळवलं. एकदा उत्कर्षा कचेरीत येऊन गेली. तिनं एवढंच विचारलं, "सामान बांधायला घेऊ का, मॅडम? खोलीचं सांगावं लागेल मालकाला." "थांबा," एवढंच बाई म्हणाल्या, आणि ती गेल्यावर त्यांचं कामात लक्ष लागेना. वरच्यांनी नाही म्हटलं तर पोरगी जाणार होती, आणि तिसरी-चौथीची एकतीस मुलं दुसऱ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसणार होती.

अखेर फेरमोजणीचा आदेश आला. दुसऱ्या माणसानं करावी, सकाळी दहाला. दुसरं माणूस होतंच कुठे? स्वतः आमोद निंबकर गेले. साडेअकराला परत आले ते बुटांना चिखल आणि पँटला कांद्याचं साल घेऊन. बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. "मॅडम, तिथे पार्किंगच नाहीये."

"किती?"

"पासष्ट. गोवरवालं बरं झालंय." मग हसले. "एक आजी भेटल्या. मला म्हणाल्या, बाईंचं बरं हाय ना?"

बाईंनी तक्ता पुढे ओढला आणि कोऱ्या ओळीत 'तीन' असं लिहिलं. मग त्या ओळीखालून एकदा बोट फिरवलं. आमोदनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पोरगा खरंच गुणी होता.

पुढचे तीन महिने बाईंनी बासनं उपसली. गाळ्यामागची शाळा एकटी नव्हती. कुठे पालक बांधकामावर होते, कुठे नदीकाठच्या वस्तीत पाणी नऊलाच यायचं आणि पाणी भरून झाल्यावर पोरं निघायची. अशा नऊ शाळा सापडल्या. नऊही ठिकाणी बाई स्वतः गेल्या, मुलं कधी पुरी होतात ते विचारून त्या वेळेला गेल्या. पाच ठिकाणी आकडे बदलले, चार ठिकाणी खरंच मुलं कमी होती आणि तिथल्या शिक्षकांना जावं लागलं. ते सांगायलाही त्या स्वतःच गेल्या. रिकाम्या पोटी उन्हातान्हात फिरून घरी आल्या तरी त्यांचा चेहरा तरतरीत असायचा. गोपाळकृष्ण म्हणाले, "निवृत्तीच्या तोंडावर माणसं तीर्थाला जातात. तू शाळांना चालली आहेस."

निवृत्तीच्या आठवडाभर आधी शेऱ्याची प्रत हातात आली. आमोद ती पाकिटात घालून, खाली मान घालून घेऊन आले. बाईंनी तिथे वाचली नाही. घरी आल्या, पाय धुतले, आणि पाकीट गोपाळकृष्णांच्या पुढ्यात ठेवलं. "वाचा. माझा चष्मा आत आहे." चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. गोपाळकृष्णांनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्यांनी बँकेतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "श्रीमती श्यामला गोपाळकृष्ण पेंडसे, वरिष्ठ लिपिक, यांनी शाळेची पटसंख्या मोजण्यात हयगय केल्याचे आढळून आले आहे. त्यांनी सत्तेचाळीस अशी नोंदवलेली मुले फेरमोजणीत पासष्ट आढळली. त्यामुळे सदर शाळेतील तिसरे शिक्षकपद कमी करता आले नाही. सबब त्यांना समज देण्यात येत आहे."

वाचून झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "एकतीस वर्षांत खात्यानं तुझ्याविषयी लिहिलेला हा पहिला चांगला शेरा," ते म्हणाले.

श्यामलाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. खूप बरं वाटत होतं त्यांना.

"परत वाचा," त्या म्हणाल्या. "सगळं नको. कमी करता आले नाही, तेवढंच."

गोपाळकृष्णांनी तेवढंच वाचलं.